‘टक्’ आवाज येतो, पण मोटर फिरत नाही

शेजारच्या काकूंनी त्यांचा बिनवायरचा व्हॅक्यूम क्लीनर माझ्या टेबलावर ठेवला, तेव्हा त्याचा निकाल आधीच लागला होता. “बोर्ड गेलाय म्हणतात. सुटा मिळत नाही, अख्खी बॉडीच बदला म्हणाले.” लक्षण असं : ट्रिगर दाबला की कधी सुरू होतो, कधी नाही. दोन-तीनदा दाबलं की जागा होतो. बोट घट्ट रोवून धरलं तर चालतो, जरा सैल पडलं की बंद.

मला हे बोर्डाचं, म्हणजे आतल्या इलेक्ट्रॉनिक सर्किटच्या पट्टीचं, दुखणं वाटेना. बोर्ड बिघडला तर त्याला बोटाच्या जोराशी काही देणंघेणं नसतं.

ट्रिगरखाली एक मायक्रोस्विच असतो. नखाएवढा काळा ठोकळा आणि त्याच्या डोक्यावर इवलंसं बटण. आत पातळ पत्र्याची स्प्रिंग असते. बटण ठरावीक अंतर खाली गेलं की ती एकदम पलटते आणि तिच्या टोकावरचा चांदीचा ठिपका समोरच्या ठिपक्यावर आपटतो. ‘टक्’ हा आवाज त्या पलटण्याचा. तो ऐकू आला म्हणजे स्प्रिंग शाबूत आहे एवढंच कळतं. वीज पलीकडे गेली की नाही, ते कळत नाही.

काकूंच्या यंत्रात ३५० वॅटची मोटर आहे आणि सहा लिथियम-आयन सेल एकामागे एक जोडलेले आहेत. प्रत्येकी ३.६ व्होल्ट, मिळून २१.६. वॅटला व्होल्टने भागलं तर पूर्ण जोरात मोटर सुमारे १६ अँपिअर ओढते. १९७९ सालच्या डस्टबस्टरसारख्या सुरुवातीच्या लहान यंत्रांत मोटरची सगळी वीज स्विचमधूनच जायची. १६ अँपिअरला तसं करणं महागात पडतं, कारण बॅटरीचा प्रवाह तोडताना उडालेली ठिणगी लवकर विझत नाही. घरातल्या एसी विजेचा प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, तेव्हा ठिणगीला विझायला सवड मिळते. बॅटरीच्या प्रवाहात ती सवड नाही. म्हणून आता मोटरचा भार बोर्डावरचे मॉसफेट, म्हणजे चिपच्या इशाऱ्यावर उघडझाप करणारे इलेक्ट्रॉनिक स्विच, उचलतात आणि ट्रिगरखालचा स्विच फक्त चिपला निरोप देतो.

या निरोपाला किती वीज लागते? काकूंच्या बोर्डावर ३.३ व्होल्ट आणि १० किलोओहमचा रोधक आहे. म्हणजे स्विचमधून जाते ०.३३ मिलिअँपिअर, मोटरच्या विजेचा जवळपास पन्नास हजारावा भाग. स्विच आजारी पडतो तो इतकी कमी वीज असल्यामुळेच. देवघरातलं चांदीचं निरांजन हवेतल्या गंधकाच्या संयुगांनी काळं पडतं, तसेच हे ठिपकेही काळवंडतात. वर धूळ बसते ती वेगळीच. मोठ्या विजेच्या स्विचमध्ये उघडझाप होताना उडणारी बारीक ठिणगी हा थर जाळून टाकते. निरोपाच्या विजेत तेवढी धग नसते, त्यामुळे थर चढत जातो. म्हणून कमी विजेच्या कामाला सोन्याचा मुलामा दिलेले ठिपके वापरतात, कारण सोनं काळवंडत नाही.

बॅटरी काढून बाजूला ठेवली आणि मगच स्क्रू काढले. हा क्रम चुकवायचा नाही. स्विचचा एक पाय बोर्डापासून मोकळा केला, नाहीतर आजूबाजूचे भाग मोजमापात मिसळतात. मल्टिमीटर लावून बटण दाबलं. धडधाकट स्विच एक ओहमही दाखवत नाही. इथे आकडा आठ हजारांवर गेला, तीन हजारांवर उतरला, मग जोडच तुटलेला दिसला. आठ हजार ओहमला चिपच्या पायाशी दीड व्होल्टच्या आसपास दाब उरतो. तो धड शून्य नाही, धड ३.३ नाही. बोट ट्रिगरवर आहे की नाही, हे चिपला ठरवता येत नव्हतं.

दर वेळी दोष स्विचचाच असतो असं नाही. ट्रिगरचा प्लॅस्टिकचा दांडा हजारो वेळा वाकून आतल्या टोकदार कोपऱ्याशी तडकतो, कारण सगळा ताण तिथेच गोळा होतो. मग ‘टक्’ही होत नाही. तिथे फेविक्विक टिकत नाही, नवा दांडाच हवा. मोटर नुसता झटका देऊन थांबत असेल तर मॉसफेट शॉर्ट झालेला असू शकतो, किंवा सहापैकी एक सेल भार पडताच बसत असतो. अशा सेलचं व्होल्टेज नुसतं मोजलं तर ठीक दिसतं, म्हणून पुष्कळदा बॅटरीचं पाप बोर्डाच्या माथी येतं. पण बॅटरीचा पॅक घरी फोडू नये. सेल शॉर्ट झाले तर आगच लागते.

नवा स्विच पुण्याच्या तपकीर गल्लीत वडापावच्या किमतीत मिळाला. पायांमधलं अंतर आणि बटणाची उंची जुन्याशी ताडून घेतली, सोन्याचा मुलामा असलेलाच मागितला. जुना काढताना मात्र घाम फुटला. बोर्डावरचा बिनशिशाचा डाख २१७ अंशांना वितळतो, जुन्या पद्धतीचा शिशाचा १८३ला. शिवाय एक पाय तांब्याच्या रुंद पट्टीवर बसलेला, तो सगळी उष्णता पिऊन टाकतो. त्यावर थोडा शिशाचा डाख सोडला. मिश्रण कमी उष्णतेत पातळ झालं आणि पाय अलगद सुटला. स्विच काढून तिथे कायमची वायर टाकायचा सल्ला काही जण देतात. मला तो अजिबात पटत नाही. बॅटरी बसवताक्षणी ब्रश फिरायला लागेल आणि नेमका तेव्हाच कुणाचा तरी हात तिथे असेल.

काकूंचं यंत्र आता पहिल्या दाबाला सुरू होतं. जुना स्विच मी पकडीने फोडून भिंगाखाली धरला. ठिपक्यावर काजळासारखा डाग होता. टाचणीच्या टोकाने तो खरवडला, ठिपके चिमट्याने एकमेकांवर दाबले आणि मीटर लावला : ०.२ ओहम.