डॉमिनिका कोणती? उकळत्या तळ्याची की उंच शिखराची?

जुलै 2023 मध्ये यशस्वी जयस्वालने पदार्पणाच्या कसोटीत 171 धावा काढल्या, ते मैदान डॉमिनिकातल्या रोझो शहरातलं. अश्विनने त्या सामन्यात 12 बळी घेतले आणि खेळ तिसऱ्याच दिवशी आटोपला. तेव्हा हे गाव आहे तरी कुठे, म्हणून नकाशा उघडणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं बोट डॉमिनिकन रिपब्लिकवर थांबलं असेल. तिथे क्रिकेटला कोणी विचारत नाही. तो देश बेसबॉलवेडा.

स्कोअरकार्ड वाचताना ही गल्लत चालून जाते. पाठीवर सॅक टाकून डोंगर चढायला निघालात, तर ती महागात पडते. दोन्ही देश कॅरिबियनमधले, दोन्हीकडे डोंगर-जंगलाच्या वाटा, दोन्हीकडे गाईड घेऊन करायचा एक नावाजलेला ट्रेक. पण एकीकडे पायाखालची जमीन तापलेली असते, तर दुसरीकडे हिवाळ्यात रात्री गवतावरचं दव गोठतं.

नावाचा घोळ कोलंबसाच्या काळापासूनचा. 3 नोव्हेंबर 1493 ला, रविवारी, त्याला हे छोटं बेट दिसलं आणि रविवारच्या नावावरून ते डॉमिनिका झालं. इथल्या मूळच्या कालिनागो लोकांचं नाव त्याहून कितीतरी सुंदर होतं: वाइतुकुबुली, म्हणजे 'उंच तिची काया'. डॉमिनिकन रिपब्लिकचं नाव आलं सांतो दोमिंगो या राजधानीवरून, आणि राजधानीचं संत डॉमिनिकवरून. इंग्रजीत दोन्हीकडच्या माणसाला 'डॉमिनिकन'च म्हणतात. स्पेलिंगही एकच, फरक फक्त उच्चारात: छोट्या बेटावरचे लोक 'नी'वर जोर देतात, मोठ्या देशाच्या नावात तो 'मि'वर पडतो.

खरा सापळा तिकिटात आहे. 'डीओएम' हा विमानतळाचा कोड डॉमिनिकाचा. पण देशांच्या आंतरराष्ट्रीय यादीत हीच तीन अक्षरं डॉमिनिकन रिपब्लिकची आहेत! हे वाटप ज्यांनी केलं त्यांनी एकमेकांना एकदा विचारायला हवं होतं.

आकारात तर तुलनाच नाही. डॉमिनिका साधारण 750 चौरस किलोमीटरची, वस्ती सत्तर हजारांच्या आसपास, भाषा इंग्रजी आणि क्रिओल ही फ्रेंच वळणाची मिश्र बोली, चलन पूर्व कॅरिबियन डॉलर. डॉमिनिकन रिपब्लिक 48 हजार चौरस किलोमीटरहून मोठा, हिस्पॅनिओला बेटावर हैतीच्या शेजारी वसलेला. लोक कोटीच्या वर, भाषा स्पॅनिश, चलन पेसो.

आता पायवाटांकडे येऊ. डॉमिनिका अख्खीच ज्वालामुखींनी घडवलेली आहे. एवढ्याशा बेटावर नऊ ज्वालामुखी मोजले जातात, आणि ते पुरते विझलेत असं कोणी म्हणत नाही. मॉर्न त्रुआ पितों हे राष्ट्रीय उद्यान 1997 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं. बॉइलिंग लेक, म्हणजे उकळतं तळं, त्याच उद्यानात आहे. रोझोच्या वरच्या अंगाला टीटू नावाची अरुंद घळ आहे, तिथून वाट सुरू होते. जायला तीन तास, यायला तीन तास. आधी दाट ओलं जंगल, लाकडाच्या ओंडक्यांच्या पायऱ्या आणि चिखल. मग ब्रेकफास्ट रिव्हर नावाचा ओढा, त्यानंतर मॉर्न निकल्सचा चढ. धारेवर वाऱ्याने टोपी सांभाळावी लागते. पलीकडे उतरलं की झाडी एकाएकी संपते. या भागाला व्हॅली ऑफ डेसोलेशन म्हणतात, आणि उजाड दरी हे नाव अगदी चपखल आहे. जमिनीतून वाफेचे फवारे निघतात, गंधकाचा वास नाकात बसतो, ओहोळांचं पाणी कुठे दुधासारखं, कुठे करडं, कुठे काळं. अंगावर चांदी असेल तर ती काळी पडते, तेव्हा अंगठी-पैंजण मुक्कामीच ठेवलेले बरे.

तळं त्याच्या पुढे. सुमारे साठ मीटर रुंद, वाफेने झाकलेलं, मधोमध खदखदणारं. ज्वालामुखीच्या तोंडात साचलेला तप्त लाव्हा नव्हे हा. खालून वाफ आणि वायू सोडणाऱ्या एका भेगेत पावसाचं आणि ओढ्यांचं पाणी भरलंय, इतकंच. काठाजवळसुद्धा पाणी 80 अंशांच्या वर असतं. 2004 च्या अखेरीस ते अचानक ओसरलं आणि पुढच्या वर्षी परत भरलं, म्हणजे खालची चूल कुणाच्या हातात नाही.

म्हणून इथे गाईडचं काम वाट दाखवण्यापुरतं नसतं. उजाड दरीत कुठला खडक पक्का आणि कुठे नुसतं कवच, खाली उकळतं पाणी, हे नवख्याला दिसत नाही. एक पाय चुकला की घोट्यापर्यंत भाजतो. शिवाय या बेटावर पाऊस सांगून येत नाही. वर धारेवर सर पडली की खालचा ओढा बघता बघता फुगतो. तो ओलांडायचा की थांबायचं, हे ठरवणारा स्थानिक माणूस सोबत असावाच. हेच गाईड गरम झऱ्यात अंडी उकडून खायला देतात, तो भाग वेगळा.

डॉमिनिकन रिपब्लिकमधला त्या तोडीचा ट्रेक म्हणजे पिको दुआर्ते, तीन हजार मीटरहून उंच, अख्ख्या कॅरिबियनमधलं सर्वांत उंच शिखर. नाव देशाच्या संस्थापकांपैकी एक, हुआन पाब्लो दुआर्ते यांचं. हुकूमशहा त्रुहियोच्या काळात त्याने शिखराला स्वतःचं नाव देऊन पाहिलं होतं. धुमसणारं इथे काही नाही. हाराबाकोआजवळच्या ला सिएनागाहून निघायचं, एका अंगाने वीसेक किलोमीटर चालायचं, वाटेत ला कॉम्पार्तिसिऑनला मुक्काम. दोन दिवसांत होतो, तीन घेतले तर मजेत होतो. झाडी पाइनची, वाट रुंद, सामान खेचरांवर. गाईड इथे नियमानेच घ्यावा लागतो. चालणाऱ्याला झुंजावं लागतं ते अंतराशी आणि थंडीशी: हिवाळ्यात रात्री पारा शून्याखाली उतरतो. 'कॅरिबियन आहे, टीशर्टावर भागेल' म्हणणाऱ्यांची तिथे चांगलीच जिरते.

समुद्रातसुद्धा फसगत होते, कारण देवमासे दोन्हीकडे. डॉमिनिकाजवळच्या खोल पाण्यात स्पर्म व्हेल बारमाही राहतात. डॉमिनिकन रिपब्लिकच्या सामाना उपसागरात येतात ते हंपबॅक, तेही साधारण जानेवारी ते मार्च, पिल्लांसाठी. डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या पुंता काना किनाऱ्याच्या फोटोंतली पांढरी वाळू डॉमिनिकात शोधू नका. ज्वालामुखीच्या खडकाची वाळू तिथे बहुतेक काळी-करडी असते. त्याऐवजी सिसेरू हा जांभळट पोपट दिसला तर दिसला. तो देशाच्या झेंड्यावर आहे, रानात मात्र क्वचित.

चालायचंच असेल तर माझं मत डॉमिनिकाच्या बाजूने. बेटाच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत जाणारी वाइतुकुबुली नॅशनल ट्रेल साधारण 185 किलोमीटरची, 14 टप्प्यांची आहे. जमेल तेवढे टप्पे करावेत. मात्र सप्टेंबर 2017 मध्ये मारिया वादळाने इथलं रान उघडं पाडलं होतं, आणि वादळी हंगाम जून ते नोव्हेंबर असतो. तेव्हा कोरडे महिने गाठा, आणि कुठला टप्पा खुला आहे ते आधी विचारून घ्या. विचारताना नंबरही पाहा: +1 नंतर 767 असेल तर फोन डॉमिनिकात लागतोय, 809, 829 किंवा 849 असेल तर पलीकडून स्पॅनिशमध्ये उत्तर येईल.