दोन लाईन घेतल्या, पण वाट एकच!

घोडबंदर रोडवर मेट्रोच्या खोदकामात केबल तुटली की आजूबाजूच्या सोसायट्यांचं नेट जातं. म्हणून ठाण्या-नवी मुंबईतले दवाखाने, क्लासेस, सीएंची ऑफिसं दोन कंपन्यांच्या लाईन घेऊन ठेवतात. पण नुसती दोन बिलं भरून बॅकअप होत नाही.

आधी विचारायचं ते हे, की दोन्ही केबल येतात कुठून? पुष्कळदा त्या एकाच चरातून, एकाच खांबावरून येतात आणि एका घावात दोन्ही जातात. 30 जानेवारी 2008 रोजी इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाजवळ समुद्राखालच्या दोन केबल तुटल्या: सी-मी-वी 4 आणि फ्लॅग. केबल वेगळ्या, मालक वेगळे, पण वाट जवळपास तीच. भारतातलं इंटरनेट कित्येक दिवस रखडलं. महापे, रबाळे, ऐरोलीत उभ्या राहिलेल्या डेटा सेंटरांसारख्या ठिकाणी म्हणूनच इमारतीच्या दोन निराळ्या बाजूंनी केबल आत घेण्याची पद्धत असते. वाशीचा खाडीपूल तुंबला तर ऐरोलीचा पूल कामी येतो. वाशीच्याच पुलावर आणखी एक लेन असून भागत नाही. घरगुती किंवा छोट्या ऑफिसच्या कामासाठी फायबरच्या जोडीला 5जी सिम त्यामुळे मला जास्त पटतं. अर्थात मोबाईल टॉवरपर्यंतही बऱ्याचदा फायबरच गेलेला असतो, हे धरून चालावं.

खरी मेख पुढे आहे. लाईन मेली, हे राऊटरला कळणार कसं? घराजवळच फायबर तुटला तर भिंतीकडच्या फायबरच्या डब्यावर लाल दिवा लागतो, ते सोपं. पण बिघाड दोन किलोमीटर पुढे, कंपनीच्या यंत्रात असेल तर तुमच्याकडचा दिवा हिरवाच राहतो आणि राऊटर त्याच मेलेल्या लाईनीत डेटा ढकलत बसतो. म्हणून दूरच्या एखाद्या पत्त्याला दर काही सेकंदांनी पिंग करायचं, म्हणजे छोटासा संदेश पाठवून उत्तर येतं का बघायचं, ओळीनं तीनदा उत्तर आलं नाही की दुसरी लाईन धरायची. पत्ते दोन ठेवावेत, नाहीतर तो एकच सर्व्हर बंद पडला तरी आपली लाईन मेली असं वाटेल.

मोठ्या नेटवर्कांत हेच चालतं. ओएसपीएफमध्ये, म्हणजे एकाच संस्थेच्या नेटवर्कातले राऊटर एकमेकांना वाटा सांगतात त्या पद्धतीत, साधारणपणे राऊटर दर 10 सेकंदांनी शेजाऱ्याला हाक मारतो आणि 40 सेकंद शांतता राहिली की त्याला मृत धरतो. बीजीपीमध्ये, म्हणजे वेगवेगळ्या संस्थांची नेटवर्कं एकमेकांना वाटा सांगतात त्या पद्धतीत, अनेक राऊटर तब्बल 180 सेकंद थांबतात. बीएफडी, म्हणजे शेजारी जिवंत आहे का एवढंच झटपट तपासणारी पद्धत, दर 50 मिलिसेकंदांनी हाक मारत असेल तर तीन हाका चुकल्या की 150 मिलिसेकंदांत निकाल लागतो. पण इतकी घाई केली तर क्षणभराच्या अडखळण्यानंही लाईन बदलते. त्यामुळे सोडताना चपळाई, परतताना मात्र काही मिनिटं वाट पाहणं बरं.

लाईन बदलली की आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा आपला क्रमांकही बदलतो. चालू व्हिडिओ कॉल तुटतो, व्हीपीएन, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कशी असलेली सुरक्षित जोडणी, पुन्हा जोडावं लागतं. मोठ्या संस्था स्वतःचे पत्ते घेऊन ते बीजीपीनं दोन्ही कंपन्यांमार्फत जाहीर करतात, म्हणून त्यांचा पत्ता तोच राहतो.

वीज विसरू नका. 12 ऑक्टोबर 2020 रोजी ग्रिड कोलमडून मुंबई, ठाणे, नवी मुंबई अंधारात गेली. अशा वेळी राऊटर आणि फायबरचा डबा, दोन्ही यूपीएसवर हवेत.

एखाद्या रविवारी मुख्य लाईनची वायर उपसून बघा. नेट किती सेकंदांत परत आलं, कार्ड मशीन चाललं का, वायर पुन्हा लावल्यावर राऊटर आपणहून मूळ लाईनीवर आला का, हे लिहून ठेवा. मग वायर जागेवर ठेवून भिंतीकडच्या फायबरच्या डब्याचीच वीज बंद करून तीच तपासणी पुन्हा करा.