फायबरची सळई आणि पुडीतलं फायबर

स्लॅबच्या आदल्या दिवशी हमखास येणारा फोन. "साहेब, या वेळी फायबर टाकू का? लोखंड वाचेल, पर्यावरणालाही बरं." मी विचारतो, कुठलं फायबर? पलीकडे जरा शांतता. मग, "ते बाजारात आलंय ते."

बाजारात दोन आलीत. एक काचतंतूंची सळई, म्हणजे जीएफआरपी. काचेचे लांबच लांब तंतू रेझिनमध्ये, म्हणजे घट्ट होणाऱ्या चिकट रसायनात भिजवून, ओढून केलेला दांडा. दुसरं म्हणजे पुडीतून किंवा पोत्यातून येणारे सुटे तंतू, जे मिक्सरमध्ये खडी-वाळूबरोबर ओततात. साइटवर दोघांचं नाव एकच, फायबर. पण पहिल्यात सळईची जागा तीच राहते आणि सळई कशाची आहे तेवढं बदलतं. दुसऱ्यात काँक्रीटच बदलतं, सळई बहुतेक वेळा जिथल्या तिथेच राहते.

आधी सळईचं पाहू. १० मिलिमीटरची १२ मीटर लांब लोखंडी सळई साधारण साडेसात किलो भरते. तेवढीच काचतंतूंची दोन किलोच्या आसपास. एक माणूस खांद्यावर मोळी टाकून जिना चढतो. ती गंजत नाही, आणि कोकणात घर बांधणाऱ्याला यापुढचं काही ऐकायचंच नसतं. खारा वारा काँक्रीटमधून आत शिरतो, लोखंड गंजतं, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो, सळई फुगते आणि खालचं कव्हर, म्हणजे सळईला झाकणारा काँक्रीटचा थर, पोपडे धरून गळायला लागतं. मुंबईतल्या जुन्या इमारतींच्या छतांकडे मान वर करून पाहिलं तरी हे दिसतं.

माहितीपत्रकात पुढची ओळ असते : लोखंडाच्या दुप्पट ताकद. हे खोटं नाही. फे-५०० या नेहमीच्या प्रतीच्या लोखंडाची ताकद ५०० मेगापास्कल, काचतंतूंची सळई ८००-१००० पर्यंत सहज जाते. पण घराचा स्लॅब सहसा ताकद संपून मोडत नाही, तो आधी वाकतो आणि चिरतो. तिथे लागतो ताठपणा, म्हणजे भार आला तरी कमी ताणलं जाण्याचा गुण. लोखंडाचा ताठपणा २०० गिगापास्कल, हिचा ४५ ते ६०. म्हणजे तेवढ्याच जाडीची, तेवढ्याच संख्येची सळई टाकली तर ती तेवढ्याच भाराला जवळपास चौपट ताणली जाणार आणि भेगा त्या प्रमाणात रुंदावणार. ते टाळायचं तर सळया वाढवा, नाहीतर स्लॅबची जाडी वाढवा. "ताकद दुप्पट, म्हणून सळया निम्म्या" हा हिशेब करणाऱ्या ठेकेदाराला मी हात जोडतो.

दुसरी अडचण बार बेंडरची, म्हणजे साइटवर सळया वाकवणाऱ्याची. ही सळई साइटवर वाकत नाही. लोखंड वाकवलं की वाकलेलं राहतं, ही एकतर स्प्रिंगसारखी परत उसळते, नाहीतर तडकते. हुक, रिंगा, क्रँक सगळं कारखान्यातूनच वाकवून आणावं लागतं. लोखंड मोडण्याआधी लांबतं, सूचना देतं. ही शेवटपर्यंत गप्प बसते आणि मग एकदम तुटते. म्हणून भूकंपात हेलकावे झेलणाऱ्या कॉलम-बीमसाठी मी तिचं नावही घेत नाही. आगीचं तर विचारू नका. लोखंड पाचेकशे अंशांपर्यंत बरंच तग धरतं, पण हिच्यातलं रेझिन शंभराच्या थोडं वर गेलं की मऊ पडायला लागतं आणि काँक्रीटवरची पकड सुटते.

एक गंमत पहिल्यांदा वापरणाऱ्याला कोणी सांगत नाही. ही सळई ओल्या काँक्रीटपेक्षा हलकी असते. व्हायब्रेटर लावला की तळाची जाळी हळूहळू वर तरंगायला लागते! म्हणून ती नुसती कव्हर ब्लॉकवर, म्हणजे कव्हरची जाडी राखणाऱ्या ठोकळ्यांवर ठेवून भागत नाही, खाली बांधून घ्यावी लागते.

मग ती शोभते कुठे? जिथे मीठ आहे आणि आगीची भीती कमी आहे तिथे. कॅनडात हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, तिथले पुलांचे डेक, म्हणजे वाहनं जातात ते स्लॅब, या सळईत वर्षानुवर्षं होताहेत. फ्लोरिडातला हॉल्स रिव्हर पूल खाऱ्या पाण्यावरच उभा आहे. आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोने २०२३ मध्ये या सळयांसाठी मानक काढलं, त्यामुळे निदान माल तपासायला कागद हाताशी आला. बेसाल्टच्या तंतूंची सळईही निघाली आहे. सह्याद्रीच्या काळ्या कातळावर राहणाऱ्यांना ती जवळची वाटेल, पण वाकण्याच्या, ताठपणाच्या आणि आगीच्या तक्रारी तिच्याही त्याच. शिवाय प्रत्येक कातळातून तंतू निघतोच असं नाही.

आता पुडी. त्यातही दोन जाती. केसासारखे बारीक पॉलिप्रॉपिलीनचे तंतू घनमीटरला साधारण ९०० ग्रॅम पडतात. त्यांचं काम पहिल्या काही तासांचं : उन्हावाऱ्याने पृष्ठभाग सुकताना पडणाऱ्या भेगा रोखायच्या. स्लॅबला बळ देणं त्यांच्या कुवतीत नाही. पाणी मारायचा कंटाळा करून वर पुडी टाकणारे महाभाग आहेत, पण क्युरिंगची, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवण्याची भरपाई पुडीने होत नाही. दुसरी जात जाड तंतूंची, हुक असलेल्या पोलादी तारांची किंवा जाड प्लास्टिकची. हे तंतू भेग पडल्यावर तिचे दोन काठ शिवून धरतात.

मग हे टाकले तरी सळई का काढता येत नाही? साधा हिशेब करू. १२५ मिलिमीटर जाडीच्या स्लॅबमध्ये घनमीटरला २५ किलो पोलादी तंतू टाकले तर चौरस मीटरला तीन किलोच्या आसपास येतात. ते वर, खाली, आडवे, तिरके, सगळीकडे विखुरतात. पैकी खालच्या ताणाच्या रेषेत कामाला येणारे थोडेच. उलट १० मिलिमीटरच्या सळया १५० मिलिमीटर अंतरावर लावल्या तर एका दिशेतच चार किलो लोखंड नेमकं ताण असतो तिथे, तळाशी बसतं. वरच्या मजल्याचा स्लॅब दोन भिंतींमध्ये अधांतरी असतो. तिथे विखुरलेली मदत पुरत नाही.

जमिनीवर टेकलेल्या काँक्रीटची गोष्ट वेगळी. गोदामाची फरशी, पार्किंग, अंगणातला ट्रिमिक्स म्हणजे काँक्रीटची फरसबंदी. खालून माती सगळीकडे आधार देते, सळयांच्या जाळीचं काम फक्त भेगा आवरण्यापुरतं उरतं. तिथे जाड तंतू जाळीची सुट्टी करू शकतात, आणि करतातही. एरवी ती जाळी पायाखाली तुडवली जाऊन तळाला मातीवरच निजलेली असते, त्यामुळे बदली झाली तर दुःख नाही.

राहिला पर्यावरणाचा मुद्दा, जिथून फोन सुरू झाला होता. किलोला किलो मोजलं तर काचतंतूंची सळई लोखंडापेक्षा स्वच्छ नाही. काच वितळवायला भट्टी लागते आणि रेझिन पेट्रोलियममधून येतं. फायदा येतो तो वजन चौथाई असल्यामुळे, आणि ताठपणासाठी सळया वाढवल्या की त्यातलाही बराचसा जातो. शिवाय लोखंडाला भंगारवाला आहे. पाडलेल्या इमारतीची सळई जालन्याच्या भट्टीत जाऊन पुन्हा सळई होते. घट्ट झालेलं रेझिन पुन्हा वितळत नाही.

मला पटतो तो हिशेब वेगळा आहे. वरच्यासारख्या १२५ मिलिमीटरच्या स्लॅबच्या एका चौरस मीटरला सिमेंट चाळीसेक किलो आणि लोखंड आठ-दहा किलो लागतं. कार्बनचा मोठा बोजा सिमेंटचा. फ्लाय ॲश (औष्णिक वीजकेंद्रातली राख) किंवा स्लॅग (पोलाद कारखान्यातली मळी) भरपूर घालून सिमेंट कमी करता येतं, पण मग काँक्रीटचा सामू (पीएच) उतरतो आणि लोखंडाला गंजापासून वाचवणारं कवच तेवढं पातळ होतं. काचतंतूंना उलट तो चढा सामूच बाधतो, उतरला तर त्यांना बरंच. गंजाच्या भीतीने ठेवलेलं जाड कव्हरही मग तेवढं लागत नाही.

फोनवाल्याचं घर रत्नागिरीच्या बाजूचं, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. त्याला सांगितलं : राहत्या घराचे स्लॅब आणि बीम लोखंडातच, कव्हर ४५ मिलिमीटर, कव्हर ब्लॉक मोजून. पार्किंगच्या काँक्रीटमध्ये जाळीऐवजी जाड तंतू. समुद्राकडच्या गटाराची भिंत आणि त्यावरची झाकणं काचतंतूंच्या सळईत, सगळे हुक कारखान्यातून वाकवून. झाकणांची मापं त्याने त्याच संध्याकाळी पाठवली.