४० टक्के भरली, तरी मोकळी दिसणारी धमनी

कोलेस्टेरॉल रक्तातून अंगभर सारखंच फिरतं, पण त्याचे थर काही ठरलेल्या जागीच धरतात: मानेतली कॅरोटिड धमनी दुभागते तिथली बाहेरची भिंत, हृदयाच्या डाव्या मुख्य धमनीचा फाटा, महाधमनीच्या कमानीची आतली बाजू. सरळ भागांत आजार उशिरा पोचतो.

याचं कारण प्रवाहात आहे. वाहतं रक्त भिंतीच्या अस्तराला पुढे ओढत जातं. हा ओढीचा ताण निरोगी धमनीत साधारण १ ते ७ पास्कल, म्हणजे रक्तदाबाच्या मानाने नगण्य. तरी अस्तराच्या पेशींना तो नेमका कळतो. प्रवाह एकाच दिशेने, नेटाने वाहत असेल तर पेशी त्या दिशेने लांबट होऊन रांगेत बसतात आणि नायट्रिक ऑक्साइड सोडतात. त्याने धमनी सैल राहते, दाह दबलेला राहतो. फाट्याच्या बाहेरच्या कडेला मात्र रक्त भिंतीपासून सुटतं, प्रत्येक ठोक्याला पुढेमागे हेलकावतं आणि ताण ०.४ पास्कलच्याही खाली जातो. तिथे पेशींची रांग मोडते, एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) आत झिरपतं, पांढऱ्या पेशी चिकटू लागतात. आधी काही संशोधकांचा समज उलटा होता, की जोराचा प्रवाह अस्तर खरवडतो. १९६९ मध्ये कॉलिन कॅरो आणि सहकाऱ्यांनी बोट मंद प्रवाहाकडे वळवलं.

थर वाढू लागला की गणित फिरतं. प्रवाह तेवढाच राहिला तर ताण त्रिज्येच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो; त्रिज्या २० टक्के घटली की ताण जवळपास दुप्पट. पेशी तो ओळखतात. आधी स्नायू सैल पडतात, मग आठवड्या-महिन्यांत विकरं भिंतीतले तंतू कापतात आणि भिंत बाहेरच्या बाजूला नव्याने बांधली जाते. ताण पूर्वपदावर येईपर्यंत हे चालतं. शिकागोच्या सेमूर ग्लॅगॉव यांनी १९८७ मध्ये १३६ मृतांच्या हृदयांतली डावी मुख्य धमनी मोजली. भिंतीच्या आतल्या लवचीक पडद्याने वेढलेल्या क्षेत्रफळापैकी साधारण ४० टक्के थराने व्यापेपर्यंत रक्ताची वाट अरुंद होत नव्हती.

अँजिओग्राफीत दिसते ती रंगद्रव्याने भरलेली पोकळी. भिंत दिसत नाही. त्यामुळे ‘अँजिओ नॉर्मल’ म्हणजे थर नाही, असं समजणं चूक. भिंत पाहायची तर धमनीच्या आतून अल्ट्रासाऊंड किंवा सीटी लागतो.

धमनीची ही बाहेर फुगण्याची दुरुस्ती फुकट मिळत नाही. बाहेर फुगलेल्या थरांत बरेचदा चरबीचा मोठा गाभा आणि वर पातळ टोपी असते. ६५ मायक्रॉनहून (०.०६५ मिलिमीटर) पातळ टोपी धोक्याची मानतात. ती फाटली की गाभ्याला रक्त लागतं आणि काही मिनिटांत गुठळी होते. काही धमन्या उलट आकसतात. त्यांचा त्रास जिना चढताना छातीत दुखून आधी कळतो. फुगलेल्या धमनीचा पहिला इशारा कित्येकदा थेट हार्ट अटॅकच असतो.