वांकेल इंजिन

वांकेल इंजिन हा अंतर्ज्वलन इंजिनाचा एक प्रकार आहे. नेहमीच्या इंजिनात पिस्टन वर-खाली होतो आणि क्रँकशाफ्ट त्यातून फिरती गती काढतो. वांकेल इंजिनात पिस्टनच्या जागी फिरणारा तिकोनी रोटर असतो. फेलिक्स वांकेल (१९०२–१९८८) या जर्मन संशोधकाने १९२९ मध्ये पेटंट मिळवले, पण चालते इंजिन बनायला १९५७ उजाडले, तेही एनएसयू या जर्मन वाहन कंपनीत. त्यात रोटरबरोबर भोवतीचे घर, म्हणजे बाहेरचे कवचही फिरे, त्यामुळे स्पार्क प्लग बदलायलाही इंजिन खोलावे लागे. हान्स डीटर पाश्के यांनी घर स्थिर केले आणि तीच रचना पुढे रूढ झाली.

घराची आतली पोकळी कमरेत किंचित दबलेल्या लंबगोलासारखी असते. रोटरची तिन्ही टोके तिच्या भिंतीला कायम चिकटून सरकतात. त्यामुळे तीन कप्पे पडतात आणि रोटर फिरेल तसे ते लहान-मोठे होत जातात. मिश्रण आत घेणे, दाबणे, पेटवणे आणि धूर बाहेर टाकणे हे सगळे प्रत्येक कप्प्यात रोटरच्या एका फेरीत उरकते. रोटर विकेंद्री, म्हणजे मध्यापासून बाजूला सरकलेला भाग असलेल्या शाफ्टवर बसतो. त्याच्या आतल्या दात्यांचे स्थिर दंतचक्राशी प्रमाण ३:२ असल्याने रोटरच्या एका फेरीत शाफ्टच्या तीन फेऱ्या होतात आणि शाफ्टच्या दर फेरीला एक ज्वलन मिळते. झडपा आणि त्या उघडणारा कॅमशाफ्ट लागतच नाहीत, कारण वायू आत-बाहेर जाण्याच्या वाटा रोटरच उघडतो आणि झाकतो. इतके थोडे हलते भाग असलेले इंजिन लहान, हलके आणि शांत असते, आणि अभियंत्यांना त्याची भुरळ पडली ती यामुळेच.

खरी कसोटी टोकांवरच्या सीलची. पातळ पट्टीने वायू अडवायचा, तोही भिंतीशी सतत कोन बदलत. शिवाय ज्वलन नेहमी एकाच बाजूला होते, म्हणून घर असमान तापते. एनएसयूच्या रो ८० (१९६७) या देखण्या मोटारीच्या सील लवकर झिजल्या आणि कंपनीला वॉरंटीत कित्येक इंजिने बदलून द्यावी लागली. हिरोशिमाच्या टोयो कोग्यो (पुढची माझदा) कंपनीत केनिची यामामोतो यांच्या चमूला घराच्या भिंतीवर ओळीने ओरखडे दिसत. त्यांना ते ‘सैतानाच्या नखांचे ओरखडे’ म्हणत. सील थरथरल्याने ते उठत. ॲल्युमिनियम मुरवलेल्या कार्बनच्या सील वापरून त्यांनी १९६७ मध्ये कॉस्मो स्पोर्ट बाजारात आणली.

इंधनाचा प्रश्न मात्र आकारातच आहे. ज्वलनाचा कप्पा लांब आणि चपटा असल्याने ज्योत कडेपर्यंत नीट पोहोचत नाही. दोन प्लग बसवूनही काही इंधन न जळता बाहेर पडते, आणि सीलसाठी सोडलेले तेलही जळते. १९७३ च्या तेलसंकटानंतर बहुतेक कंपन्यांनी नाद सोडला. माझदाने सोडला नाही. तिच्या चार रोटरच्या ७८७बी गाडीने १९९१ ची फ्रान्समधली ल मांची २४ तासांची शर्यत जिंकली. आरएक्स-८ चे उत्पादन २०१२ मध्ये थांबले. २०२३ च्या एमएक्स-३० आर-ईव्हीमध्ये ८३० घनसेंटिमीटरचा एकच रोटर आहे. तो चाकांना जोडलेला नाही, फक्त जनित्र फिरवतो.