गाडीसोबत मिळणारं मॅन्युअल आणि मिस्त्रीला लागणारं मॅन्युअल

"मॅन्युअल बघूनच केलंय," असं कुणी म्हणालं की मी आधी विचारतो, कोणतं मॅन्युअल? दोन अगदी वेगळी पुस्तकं या एकाच नावाने चालतात. इंजिन ऑइल बदलताना ही गल्लत फारशी नडत नाही. स्टिअरिंग-सस्पेन्शनला हात घातला की मात्र नडते.

पहिलं डॅशबोर्डच्या कप्प्यात असतं. ओनर्स मॅन्युअल. टायरमध्ये हवा किती, कुठला फ्यूज कशाचा, जॅक कुठे लावायचा, स्टेपनी कशी बदलायची, हे सगळं त्यात नीट दिलेलं असतं. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नका हेही असतं, आणि ते खरोखर पाळावं. चाकाच्या नटांचा टॉर्कही, म्हणजे ते किती जोराने आवळायचे तो आकडा, बहुतेक वेळा सापडतो. पण लोअर आर्म (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा), टाय रॉड एंड (स्टिअरिंगचा दांडा चाकाला जोडणारा सांधा), शॉकअप यांचा विषय निघाला की "अधिकृत सर्व्हिस सेंटरशी संपर्क साधा" एवढ्यावर ते थांबतं. ते गाडी वापरणाऱ्यासाठी लिहिलेलं आहे, खोलणाऱ्यासाठी नाही.

दुसरं वर्कशॉप मॅन्युअल. काही कंपन्या त्याला सर्व्हिस मॅन्युअल म्हणतात, त्यामुळे शिक्के मारायच्या सर्व्हिस बुकलेटशीही लोक त्याची गफलत करतात. हे पुस्तक गाडीबरोबर मिळत नाही, आणि आपल्याकडे ते मिळवणं हीच एक लढाई आहे. सुटे भाग, निदानाची यंत्रं आणि दुरुस्तीची तांत्रिक माहिती स्वतंत्र गॅरेजांपर्यंत पोहोचू दिली जात नाही, या कारणावरून भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ साली १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. पुढे प्रकरण अपिलात गेलं. पण कोपऱ्यावरच्या मिस्त्रीला हे पुस्तक मिळालंच पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. त्याने दुरुस्त केलेल्या गाडीतही माणसंच बसतात.

त्यात असतं काय? टॉर्कचे आकडे, असं बहुतेक जण सांगतील. आकडे असतातच, पण ते कुणाला फोन करूनही मिळतात. खरी किंमत आकड्याशेजारच्या ओळीला आहे.

हे मला एका जुन्या हॅचबॅकने शिकवलं. पुढच्या लोअर आर्मचे बुश, म्हणजे सांध्यातले रबरी तुकडे, मी स्वतः बदलले. गाडी स्टँडवर होती, चाकं काढलेली, आर्म खाली लोंबत होते. आकडा एका मित्राकडून घेतला, टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराने आवळणारा पाना) लावून बोल्ट बरोबर तेवढेच आवळले. वर्षही झालं नसेल, खड्ड्यात पुन्हा तोच खटखट आवाज. खोलून पाहिलं तर रबर फाटलेलं. नंतर मॅन्युअलचं पान हाती आलं. आकडा तोच होता. फक्त वर लिहिलं होतं: गाडीचं वजन चाकांवर असताना आवळा.

कारण साधं आहे. अशा बुशमध्ये आतल्या आणि बाहेरच्या नळीला रबर चिकटवलेलं असतं. बोल्ट आवळला की आतली नळी जागेवर पकडली जाते, आणि आर्म वरखाली होताना फक्त रबर पिळलं जातं. आर्म लोंबत असताना आवळलं, तर गाडी जमिनीवर टेकताच रबराला पीळ बसतो आणि तो कायमचा राहतो. उभ्या गाडीतसुद्धा. मग प्रत्येक खड्डा त्यात भर घालतो. म्हणून बोल्ट हातघट्ट ठेवायचे, गाडी रॅम्पवर चढवायची किंवा चाकाखाली आधार देऊन वजन सस्पेन्शनवर आणायचं, आणि मगच रेंच लावायचा.

अशा ओळी पानोपानी भेटतात. खाचांच्या नटात स्प्लिट पिनचं भोक जुळलं नाही तर नट सैल करू नका, पुढच्या खाचेपर्यंत आवळा. स्प्रिंग कॉम्प्रेसरने दाबल्याशिवाय स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेल्या भागाच्या) टोकाचा मधला नट सोडू नका. ती स्प्रिंग जीव घेऊ शकते. स्टिअरिंग कॉलम सोडवण्याआधी चाकं सरळ करून स्टिअरिंग बांधून ठेवा, नाहीतर ते मोकळं फिरतं आणि एअरबॅगची आतली केबल तुटते.

हत्यारांचंही तसंच. बॉल जॉइंट (आर्म आणि चाक यांच्यामधला गोळ्याचा सांधा) सोडवायला तिथे विशिष्ट पुलरचं चित्र असतं. दुकानात त्याच कामाला दुहेरी टोकाचा फोर्कही मिळतो, हातोडीने ठोकायचा. काम पटकन होतं, पण सांध्यावरचं रबरी आवरण, म्हणजे बूट, बहुधा फाटतं. जॉइंट टाकूनच द्यायचा असेल तर चालेल. तोच परत बसवायचा असेल तर पुलरच हवा.

वाचताना एकक बघा. जुन्या पुस्तकांत टॉर्क किलोग्रॅम-मीटरमध्ये असतो, नव्यांत न्यूटन-मीटरमध्ये. १ किलोग्रॅम-मीटर म्हणजे सुमारे ९.८ न्यूटन-मीटर, म्हणजे चूक झालीच तर जवळजवळ दहापटीची. कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) आणि कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा पुढे-मागे कल) यांच्या कोनांतही असाच घोळ होतो: ०°३०′ म्हणजे अर्धा अंश, ०.३० अंश नव्हे.

काम संपल्यावर अलाइनमेंट करून घ्यावीच लागते. तिथल्या मशीनमध्ये प्रत्येक गाडीचे आकडे भरलेले असतात, पण यादीतून मॉडेल निवडणारा माणूसच असतो. शेजारचं व्हेरियंट निवडलं गेलं तर पडद्यावर सगळं हिरवं दिसूनही गाडी एका बाजूला ओढू शकते. वर्कशॉप मॅन्युअलमधल्या टो (चाकं समोरून किती आत किंवा बाहेर वळलेली आहेत ते), कॅम्बर, कॅस्टरच्या पानाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, आणि पैसे देण्याआधी छापील कागदावरची मर्यादा त्याच्याशी ताडून बघा.