स्यूएल, ॲना

(३० मार्च १८२० – २५ एप्रिल १८७८). इंग्रज लेखिका. ‘ब्लॅक ब्यूटी’ (१८७७) या, एका घोड्याने स्वतःची जीवनकथा सांगितली आहे अशा रीतीने लिहिलेल्या, एकमेव कादंबरीमुळे प्रसिद्ध. जन्म इंग्लंडच्या नॉरफक परगण्यातील ग्रेट यार्मथ येथे क्वेकर या साध्या राहणीवर भर देणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या कुटुंबात. वडील आयझॅक यांचा व्यापारात जम न बसल्यामुळे कुटुंबाचे बिऱ्हाड लंडन, ब्रायटन, लॅन्सिंग असे हलत राहिले. आई मेरी राइट स्यूएल हिने साठीच्या सुमारास सामान्य वाचकांसाठी सोप्या पद्यकथा लिहिण्यास प्रारंभ केला आणि त्यांपैकी एकीच्या दहा लाखांवर प्रती खपल्या. त्यामुळे ॲनाच्या हयातीत या घरातील नामवंत लेखिका म्हणून आईच ओळखली जात असे.

वयाच्या चौदाव्या वर्षी शाळेतून परतताना पावसात घसरून पडल्याने ॲनाचे दोन्ही घोटे दुखावले. त्यानंतर तिला फार वेळ उभे राहणे किंवा चालणे कधीच जमले नाही. सदोष उपचारांमुळे दुखणे चिघळले, असे बहुतेक चरित्रकार म्हणतात. एखादा दीर्घ आजारही मुळाशी असावा, असा तर्क काहींनी केला आहे, परंतु उपलब्ध नोंदींवरून तो तर्काच्या पुढे जात नाही. उपचारांसाठी तिने युरोपातील आरोग्यझऱ्यांचेही प्रवास केले. चालणे खुंटल्यामुळे घोडा हाच तिचा बाहेरच्या जगाशी दुवा ठरला. नॉरफकमधील बक्स्टन येथे आजोळच्या नातलगांच्या शेतीवाडीवर ती घोड्यावर बसण्यास शिकली होती. पुढे वडिलांना आगगाडीच्या स्थानकावर पोचविण्याचे आणि आणण्याचे काम ती स्वतः गाडी हाकून करी. १८६३ च्या सुमारास तिच्या शेजारी बसून प्रवास केलेल्या श्रीमती बेली यांनी आठवण लिहून ठेवली आहे की, ॲना लगाम नुसता हातात धरी आणि घोड्याला जे सांगायचे ते आवाजानेच सांगे.

तिच्या धर्मनिष्ठेविषयी अभ्यासकांत थोडा मतभेद आहे. आईने १८३० नंतरच्या दशकात क्वेकर पंथ सोडला आणि काही काळाने ॲनानेही सोडला. दोघी पुढे इंग्लंडच्या अधिकृत चर्चच्या इव्हँजेलिकल (बायबल व वैयक्तिक श्रद्धेवर भर देणाऱ्या) प्रवाहाकडे वळल्या, वडील मात्र क्वेकरच राहिले. यावरून काहीजण तिला इव्हँजेलिकल लेखिका म्हणतात. तथापि साधेपणा, मद्यविरोध आणि मुक्या प्राण्यांविषयीची जबाबदारी या तिच्या ठळक निष्ठा बालपणीच्या संस्कारांशी अधिक जुळतात, आणि तिचे दफनही क्वेकरांच्याच भूमीत झाले. म्हणून पंथ बदलला तरी वळण क्वेकरच राहिले, हे मत अधिक ग्राह्य वाटते. ग्लॉस्टरशरमधील विक येथे असताना मायलेकींनी कामगारांसाठी सायंवर्ग चालविले होते.

कादंबरीच्या लेखनकाळाविषयी पुरावा त्रोटक आहे. ‘एका घोड्याचे चरित्र लिहीत आहे’ अशी पहिली नोंद तिच्या रोजनिशीत नोव्हेंबर १८७१ मध्ये आढळते, तीही नाताळासाठी बाहुल्या तयार करण्याच्या उल्लेखासोबत. त्यानंतरचा उल्लेख थेट डिसेंबर १८७६ चा, आणि ऑगस्ट १८७७ मध्ये पहिली मुद्रिते हाती आल्याची नोंद आहे. मधली पाच वर्षे लेखन पूर्णपणे थांबले होते की नोंदीच झाल्या नाहीत, हे ठरविणे अवघड आहे. तिची प्रकृती पाहता काम दीर्घकाळ खंडित झाले असावे, असे मानण्याकडे कल आहे. या सुमारास कुटुंब नॉर्विचजवळील ओल्ड कॅटन येथे राहत होते. प्रकृती साथ देईल तसे ती कधी आईला मजकूर सांगे, कधी कागदाच्या कपट्यांवर पेन्सिलीने लिही आणि आई त्याची स्वच्छ प्रत करी. काळ्या घोड्याचा मूळ नमुना म्हणून भाऊ फिलिप याच्या बेस नावाच्या घोडीचा निर्देश केला जातो. तो संभाव्य आहे, इतकेच म्हणता येते. नॉर्विचच्या जॅरल्ड आणि सन्स या प्रकाशनसंस्थेने नोव्हेंबर १८७७ मध्ये पुस्तक प्रसिद्ध केले. लेखिकेला सर्व हक्कांपोटी एकरकमी ४० पौंड मिळाले, असे सामान्यतः मानले जाते. काही ठिकाणी २० पौंड असाही आकडा आढळतो. शीर्षकपृष्ठावर ‘मूळ अश्वभाषेतून भाषांतर’ असे तिने गमतीने नोंदविले होते. मात्र पुढे बालवाङ्‌मय म्हणून नावाजलेले हे पुस्तक तिने मुलांसाठी नव्हे, तर घोड्यांशी रोजचा संबंध असणारे मोतद्दार आणि गाडीवान यांच्यासाठी लिहिले होते.

कादंबरीतील टीकेचा मुख्य रोख ‘बेअरिंग रेन’ या ताणपट्ट्यावर आहे. हाकणाऱ्याच्या हातातील लगामाहून हा पट्टा वेगळा असतो. कडियाळापासून (घोड्याच्या तोंडातील लोखंडी दांडीपासून) निघून तो डोक्याच्या साजाजवळील कड्यांतून मागे येतो आणि पाठीवरील खोगिराच्या आकड्यात अडकविला जातो. त्यामुळे मान सतत वर ताणलेली राहते. श्रीमंतांच्या बग्गीला तेवढी ऐट येते, पण चढावर मान खाली घालून ओढीत अंगाचा भार घालण्याची घोड्याची सोय नाहीशी होते आणि श्वासालाही अडथळा होतो. कादंबरीत हा पट्टा मालकिणीच्या हट्टाखातर दिवसेंदिवस एकेक भोक आवळत नेला जातो, तेव्हा जिंजर ही घोडी लाथा झाडून बंड करते. या पट्ट्याविरुद्ध एडवर्ड फॉर्डम फ्लॉवर याने १८७५ मध्येच पुस्तिका काढून मोहीम चालविली होती, आणि प्राणिक्लेश प्रतिबंधक संस्था तर १८२४ पासून कार्यरत होती. म्हणून ही प्रथा मागे पडल्याचे सारे श्रेय एकट्या कादंबरीला देणे अतिशयोक्त ठरेल. चळवळीचा युक्तिवाद घोड्याच्या अनुभवात उतरवून तिने तो घरोघर नेला, एवढे निश्चित.

यामागील धर्मविचाराला अमेरिकन धर्मशास्त्रज्ञ होरस बुशनेल याच्या प्राण्यांवरील निबंधाचा आधार आहे. तो तिला बेलीबाईंकडून कळला आणि पुस्तक लिहिताना तेच विचार सतत सोबत होते, असे तिने नंतर त्यांना कळविले. माणसाशी आणि जनावराशी चांगले वागायला न शिकविणारा धर्म हे निव्वळ ढोंग, असे कादंबरीतील जॉन मॅन्ली हा गाडीवान सांगतो. घरच्या खिडकीशी थांबलेल्या एका भाडेगाडीवानाने, देवळात जाणारी धार्मिक मंडळीच रविवारी गाड्या वापरून आमची विश्रांती हिरावून घेतात, ही कटुता तिच्याजवळ बोलून दाखविली होती. कादंबरीतील जेरी बार्कर या भाडेगाडीवानाचे प्रकरण या संभाषणाशी उघडच निगडित आहे. चांगले गिऱ्हाईक जाईल हे ठाऊक असूनही जेरी रविवारी चर्चला नेण्यास नकार देतो; मात्र मरणासन्न आईला भेटू इच्छिणाऱ्या एका स्त्रीसाठी तो त्याच वारी निघतो, आणि घोड्याला ओझे कमी व्हावे म्हणून खाटकाची हलकी गाडी मागून घेतो. त्याच भागात, गाडी व दोन घोड्यांसाठी मालकाला रोजचे १८ शिलिंग भरल्यावरच स्वतःची कमाई सुरू होणारा सॅम हा दुसरा गाडीवान येतो. क्रौर्याचे मूळ दरवेळी माणसाच्या दुष्टपणात नसून भाड्याच्या हिशेबातही असते, हे तिने ओळखले होते. समीक्षक हा भाग बोधप्रद म्हणून बाजूला सारतात, ते पटत नाही.

प्रकाशनानंतर पाचच महिन्यांनी तिचे निधन झाले. अंत्ययात्रेच्या घोड्यांना ताणपट्टे लावलेले दिसताच आईने ते काढायला लावले, असे सांगितले जाते. तिचे दफन झालेली, नॉरफकमधील लॅमस येथील क्वेकर दफनभूमी १९८४ मध्ये उद्‌ध्वस्त करण्यात आली. थडग्यांचे दगड तेवढे वाचविले गेले. अमेरिकेत बॉस्टनच्या जॉर्ज एंजेल याने १८९० मध्ये कुटुंबाच्या परवानगीविना स्वस्त आवृत्ती काढली आणि तिला गुलामगिरीविरोधी प्रसिद्ध अमेरिकन कादंबरीवरून ‘घोड्यांची अंकल टॉम्स केबिन’ असे संबोधले. परकीय ग्रंथांना तेव्हा तेथे स्वामित्वहक्काचे संरक्षण नसल्याने त्यास कायद्याची आडकाठी नव्हती. प्रती गाडीवान व तबेलेवाल्यांपर्यंत पोचविण्याचा त्याने प्रयत्न केला. कादंबरीच्या जगभर पाच कोटींच्या आसपास प्रती खपल्याचे मानतात. १९२१, १९४६, १९७१ आणि १९९४ मध्ये तिच्यावर चित्रपट निघाले.